मागून बसलेली धडक आणि गाडीतली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात गाडी चालवायला शिकवतो. लायसन्स हातात पडलं की विद्यार्थी मला विसरतात, पण कुणी ठोकलं की पहिला मेसेज मलाच येतो. त्यातले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: मागून धडक बसली तर गाडी घरच्यांना कितपत वाचवते? तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळं एकदाच इथं लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून जिथं गरज आहे तिथं दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. मागून ठोकलं म्हणजे बंपर आणि डिकीचं काम. त्यात माणसाला काय होणार, सर?

आपण "मागून धडक" म्हणतो तेव्हा दोन वेगळे अपघात एकाच नावाखाली घालतो. एक, कुणीतरी तुमच्या गाडीला मागून ठोकतं. दुसरा, तुम्ही पुढच्याच्या मागं घुसता. पहिल्यात सीटची पाठ आणि हेडरेस्ट वाचवतात, दुसऱ्यात पट्टा आणि एअरबॅग. पहिल्यात बहुधा मान जाते, दुसऱ्यात जीव. खाली प्रत्येक उत्तर वाचताना आपण यातल्या कुठल्या धडकेबद्दल बोलतोय ते ध्यानात ठेवा, निम्मा गोंधळ तिथंच मिटेल.

आणि हा किरकोळ प्रकार नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले. त्यातले २१ टक्क्यांच्या आसपास मागून धडकेचे होते. समोरासमोरच्या धडकांचा वाटा त्याहून कमी होता.

२. धडक मागून बसली तर डोकं पुढं जातं की मागं?

आधी मागं. एसटीत उभे असताना ड्रायव्हरनं एकदम गाडी काढली की आपण मागच्या माणसावर पडतो ना, तसंच. मागून धक्का बसताच गाडी पुढं ढकलली जाते, गाडीबरोबर सीट आणि सीटबरोबर तुमची पाठ. डोक्याला मात्र कुणी ढकललेलं नसतं, ते जागेवरच राहतं. म्हणजे खालून धड पुढं निघालं आणि वर चार-साडेचार किलोचं डोकं मागं राहिलं. मधली मान क्षणभर इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात उरकतं. मग सीटची पाठ उसळी मारते आणि माणूस पुढं फेकला जातो. तोवर "अरे, काय झालं?" म्हणायलाही वेळ मिळालेला नसतो.

डोक्यामागं लगेच काहीतरी टेकायला असेल तर धड आणि डोकं बरोबर पुढं जातात, मान वाकतच नाही. ते "काहीतरी" म्हणजे हेडरेस्ट. नावात रेस्ट आहे म्हणून लोक त्याला उशी समजतात. खरं तर तो अडसर आहे.

३. मग हेडरेस्ट किती वर ठेवायचं? आमच्या गाडीत घेतल्यापासून खालीच आहे.

सगळ्यांच्याच गाडीत ते घेतल्यापासून खालीच असतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी आरसा लावायच्या आधी हेडरेस्ट लावायला लावतो.

हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच हवी. तेवढी जात नसेल तर निदान कानाच्या वरच्या टोकापर्यंत. मानेच्या खोबणीत टेकलेलं हेडरेस्ट सगळ्यात वाईट, कारण डोकं त्याच्यावरून मागं पलटतं आणि तेच टेकू बनतं. दुसरी गोष्ट अंतर. डोक्याच्या मागं आणि हेडरेस्टच्या मधे चार बोटं आडवी जातील एवढी जागा चालेल, त्याहून जास्त नको. अंतर जास्त वाटलं तर हेडरेस्टशी झटापट करू नका, सीटची पाठ एक-दोन खटके सरळ करा. तेवढ्यानं बहुतेकांचं काम होतं.

वर केल्यावर कट्ट आवाज येऊन ते अडकलं पाहिजे. हातानं दाबल्यावर खाली बसत असेल तर खाच झिजलीय, बदलून घ्या. घरात एकच गाडी चार जण चालवत असतील तर प्रत्येकानं बसताना लावायचं. नवऱ्याच्या उंचीचं हेडरेस्ट बायकोच्या डोक्याला ढकलतं, आणि बायकोच्या उंचीचं नवऱ्याच्या मानेत येतं.

मागच्या सीटवरची हेडरेस्ट तर "आरशातून मागचं दिसत नाही" म्हणून कित्येक जण काढून घरी माळ्यावर टाकतात. मागं कुणी बसणार नसेल तर खाली करा, हरकत नाही. माणूस बसला की वर.

४. आईचा अंबाडा हेडरेस्टला अडतो. मान पुढं जाते म्हणते. हेडरेस्ट उलटं लावलं तर चालेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आलाय, आणि कुठल्याही गाडीच्या पुस्तिकेत याचं उत्तर सापडत नाही. अंबाडा, क्लचर, लग्नातली खोप्यावर माळलेली वेणी, आजोबांचा फेटा, सगळ्यांची अडचण एकच. डोकं पुढं ढकललं जातं, तुळजापूर येईस्तोवर मान भरून येते, आणि मग कुणीतरी हेडरेस्ट उपसून डिकीत टाकतं.

उलटं लावू नका. उलटं केलं की उतार मागं जातो आणि डोक्यामागचं अंतर नको तेवढं वाढतं. काढून तर अजिबात टाकू नका. आधी सीटची पाठ एक खटका मागं घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर प्रवासापुरता अंबाडा खाली मानेजवळ घ्या किंवा वेणी घालून पुढं खांद्यावर सोडा. प्लॅस्टिकचा मोठा क्लचर तर काढूनच ठेवा, मागून धक्का बसला तर त्याचे दात डोक्यात जातात. फेटा पोचल्यावर बांधायचा. आजोबा रागावतील, रागावू द्या.

५. मानेला गुंडाळायची ती अर्धगोल उशी लावून झोपलं तर?

गाडी उभी असताना झोपा खुशाल. चालत्या गाडीत ती जाड उशी डोकं हेडरेस्टपासून लांब ठेवते, म्हणजे प्रश्न ३ मधलं चार बोटांचं अंतर हातभर होतं. हेडरेस्टला बांधायच्या फुगीर गाद्यांचंही तेच.

६. शेजारी बसलेला माणूस सीट पूर्ण मागं टाकून झोपला तर त्यालाच आराम. आपल्याला काय?

मागून धक्का बसला की तो सीटच्या उतारावरून वर आणि मागं सरकतो. पट्टा त्याला नीट धरूच शकत नाही, कारण खांद्याचा पट्टा अंगापासून वीतभर लांब असतो. डोकं हेडरेस्टच्या वर जातं. सीटची पाठ त्याच्या वजनानं आणखी मोडली तर मागं बसलेल्या पोराच्या अंगावर येते. पुण्याहून रात्री परतताना हे दृश्य दर चौथ्या गाडीत दिसतं. पेंगत असाल तर पाठ थोडी कलती ठेवा, खाट करू नका.

७. मागून एवढं जोरात ठोकलं, डिकी आत गेली, पण एकही एअरबॅग उघडली नाही. गाडी खराब निघाली का?

नाही. पुढच्या एअरबॅगा पुढून येणाऱ्या धक्क्यासाठी असतात. मागून धडक बसली तर माणूस आधी स्टिअरिंगपासून लांब, सीटमध्ये दाबला जातो. तेव्हा उघडून त्या करणार काय? उलट चुकीच्या क्षणी फुटलेली बॅग तोंडावर येते. काही गाड्यांत पट्टा ओढून घट्ट करणारी यंत्रणा मागच्या धक्क्यालाही चालते, तेवढंच.

मात्र तुम्हाला मागून ठोकलं आणि त्या जोरानं तुम्ही पुढच्या ट्रकवर आदळलात, तर ती दुसरी धडक पुढून आहे. तिच्यासाठी एअरबॅग उघडू शकते, आणि ती काम करते पट्टा लावलेला असेल तरच. पट्टा नसेल तर बॅग फुगेपर्यंत तुम्ही तिच्यावर जाऊन पडलेले असता.

८. मग मागच्या धडकेत पट्ट्याचं काम काय? सीटच धरते म्हणालात की ओ.

सीट पहिला धक्का धरते. नंतरची उसळी आणि पुढची धडक (प्रश्न २ आणि ७) पट्टा धरतो. शिवाय माणूस सीटवरून वर घसरत जाऊ नये हेही त्याचंच काम.

मागच्या सीटवरही पट्टा हवाच. पुढं तोंड करून बसलेल्या मागच्या प्रवाशांनाही तो केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली दंड १,००० रुपये. मागच्या सीटवर पट्ट्याविना बसलेला ७० किलोचा माणूस पुढून धडक झाल्यावर पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो, आणि समोर बसलेली बाई पट्टा लावूनही चेंगरते. म्हणून "माझा जीव, माझी मर्जी" हे गाडीत लागू होत नाही.

पट्ट्याच्या खाचेत घालायच्या त्या खोट्या क्लिपा, म्हणजे बीप बंद करायचं जुगाड, मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांतून काढायला लावल्या. नव्या विद्यार्थ्याच्या गाडीत अशी क्लिप दिसली तर पहिला तास मी गाडी सुरूच करत नाही.

९. बाळाचं सीट उलट्या तोंडाचं लावायला सांगता. पण मागून धडक झाली तर बाळाचं तोंड तिकडंच की! मग सरळ बरं नाही का?

शंका रास्त आहे. तरीही उलटंच. पुढून होणाऱ्या धडकेत तुमचा सगळा वेग एका झटक्यात शून्य होतो. मागून ठोकणारी गाडी बहुधा तुमच्याच दिशेनं चाललेली असते, म्हणून धक्का बसतो तो दोन वेगांतल्या फरकाचा, आणि तो सहसा कमी असतो. मागच्या धडकेत उलटं बसवलेलं सीट गाडीच्या सीटच्या पाठीकडं झुकतं आणि जोर थोडा थोडा जिरवतं. पुढच्या धडकेत मात्र बाळाची सबंध पाठ, मान आणि डोकं एकाच वेळी सीटच्या कवचात दाबलं जातं. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कच्ची, म्हणून हा फरक जीवाचा ठरतो. युरोपातला आर १२९ हा नियम बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत उलटं बसवायला सांगतो. सीटमध्ये मावत असेल तर त्यानंतरही बसवा.

पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना उलटं सीट कधीही नको. बॅग फुटली तर सीटच्या पाठीवरच, म्हणजे बाळाच्या डोक्यामागं आदळते.

आपल्याकडची एक भर: मे महिन्यात गाडी उन्हात लावली तर सीटच्या बकलनं पोराला चटका बसतो, मग पोर पुढच्या वेळी सीट बघूनच रडतं आणि आई-बाप हार मानतात. सीटवर एक पांढरा पंचा टाकून ठेवा.

१०. अक्कलकोट तर ४० किलोमीटर. तेवढ्यापुरतं बाळ मांडीवर घेतलं तर?

ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली तर १० किलोचं बाळ तुमच्या हातांना दीडशे किलोच्या जवळपास जड होतं. तांदळाची २५ किलोची सहा पोती. नाही धरता येत.

११. सातवा महिना चालू आहे. पट्ट्यानं पोटावर दाब येईल अशी भीती वाटते.

खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून घ्या. वरचा पट्टा खांद्यावरून, छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. पोटावरून आडवा कधीच नको. धडक किरकोळ असली, काही दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटातली वार (बाळाला पोसणारी) सुटल्याचं बाहेरून लगेच कळत नाही.

१२. सात सीटर घेतलीय. पोरांना तिसऱ्या रांगेत बसवतो, ती खूश असतात. धोका आहे का?

तिसऱ्या रांगेत बसा आणि मान वळवून मागं बघा. मागच्या काचेला हात लागतोय? मग मागून येणाऱ्या धडकेत गाडीला चेपायला तेवढीच जागा आहे. पाच जण असाल तर तिसरी रांग दुमडा, पोरांना मधल्या रांगेत आणा. सगळे सात असाल तर तिसऱ्या रांगेत मोठ्यांनी जावं, हेडरेस्ट पूर्ण वर करून. काका कुरकुरतील, गुडघे दुखतात म्हणतील. पण पोरांच्या माना त्यांच्या गुडघ्यांहून महाग आहेत.

जुन्या जीपच्या मागच्या समोरासमोरच्या आडव्या बाकांबद्दल विचारूच नका. तिथं हेडरेस्ट नाही, नीट पट्टा नाही, आणि धक्का बाजूनं येतो.

१३. डिकीतली सीएनजी टाकी मागच्या धडकेत फुटते का?

टाकी स्वतः फार मजबूत असते, आत २०० बारच्या आसपास दाब धरायला बनवलेली. काळजी टाकीपेक्षा तिच्या जोडणीची करा: व्हॉल्व्ह, नळी, आणि ज्या पट्ट्यांनी ती बांधलीय ते बोल्ट. कंपनीतून बसून आलेलं किट आणि बाहेरून बसवलेलं किट यांच्यातला फरक इथंच दिसतो. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करून घ्यायची असते, पाटी बघा. मागून धडक बसली, साधीच वाटली तरी गॅसचा वास आला तर गाडी बंद, सगळे खाली, व्हॉल्व्ह बंद. किट तपासून घेतल्याशिवाय पुन्हा गॅसवर चालवू नका.

१४. पाच स्टारवाली गाडी आहे. मग मागच्या धडकेची काळजी कशाला?

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळून बघून स्टार द्यायची आपली पद्धत, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यातले स्टार ज्या धडकांवरून ठरू लागले त्या अशा: समोरून ताशी ६४, बाजूनं ताशी ५०, आणि खांबावर बाजूनं ताशी २९ किलोमीटर. या तिन्हींत मागून धडक नाही. पाच स्टार म्हणजे माणसांभोवतीचा लोखंडी पिंजरा भक्कम, पट्टे-एअरबॅगा चांगल्या, आणि त्याचा फायदा तुम्ही पुढच्यावर आदळलात तर मिळतो. तुमच्या सीटचं हेडरेस्ट वर आहे का हे कुठलाही स्टार सांगत नाही.

शोरूममध्ये मागच्या सीटवर घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा आणि हेडरेस्ट डोक्यापर्यंत येतं का बघा. मधल्या सीटला हेडरेस्ट आणि खांद्यावरचा पट्टा आहे का तेही. सनरूफ दाखवणारा सेल्समन हे आपणहून दाखवणार नाही.

१५. नव्या गाडीत आपोआप ब्रेक लागतो म्हणे. मग आपण कुणाच्या मागं घुसणारच नाही?

कमी घुसाल. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं पाहिलं, तर पुढच्या धडकेचा इशारा आणि आपोआप ब्रेक असलेल्या गाड्यांत पोलिसांत नोंदलेल्या मागून धडका जवळजवळ निम्म्या झाल्या. अर्थात ते त्यांच्या रस्त्यांवर.

आपल्याकडं रडारवर चिखल बसतो, कॅमेऱ्यासमोर धूळ असते, आणि समोर येतं ते यंत्राला न शिकवलेलं काहीतरी: उसाचा भारा, म्हैस, दिवा नसलेली बैलगाडी. शिवाय तुमच्या गाडीनं अचानक ब्रेक लावला तरी मागच्या टेम्पोला ते कुणी सांगत नाही. आपोआप ब्रेक तुम्हाला पुढच्यापासून वाचवतो, मागच्यापासून नाही.

१६. सीझनमध्ये रात्री उसाच्या ट्रॉलीच्या मागं गाडी घुसली की चांगल्या चांगल्या गाड्यांचं छप्पर उडतं. असं का होतं?

हा जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप सुरू झालं की मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट, कुठलाही रस्ता घ्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ऊस हातभर बाहेर आलेला, आणि दिव्याच्या जागी फार तर एक फाटकं पोतं.

गाडीची सुरक्षा बंपरच्या उंचीपासून सुरू होते. पुढचा भाग चेपतो, जोर पितो, सेन्सरला धक्का कळतो, पट्टा आवळतो, एअरबॅग उघडते. ट्रॉलीचा साटा (माल ठेवायचा सांगाडा) या सगळ्याच्या वर असतो. बॉनेट त्याच्याखालून सरकत जातं, आदळायला काही सापडतच नाही, आणि साटा थेट काचेवर, माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर येतो. ट्रकच्या मागं खाली जो आडवा गार्ड असायला हवा तो याचसाठी. तो वाकलेला, गंजलेला किंवा नुसता शोभेचा असला तर तिथंही हेच होतं.

इथं गाडीचं कुठलंच फीचर पुरत नाही, म्हणून हिशेब सांगतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. पुढं चांगल्या ब्रेकनं कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८. डिपरवर (खाली पडणाऱ्या झोतात) बिनदिव्याची काळी ट्रॉली ५०-६० मीटरवर दिसते. म्हणजे दिसण्याआधीच उशीर झालेला असतो. सीझनमध्ये, अंधारात, डिपरवर असाल तर ६० च्या वर जाऊ नका. समोरून कुणी नसेल तर अप्पर, म्हणजे लांब झोत, ठेवा. आणि समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर आला की नेमकं त्या झोताच्या अलीकडं काहीतरी उभं आहे असं धरून पाय उचला.

व्यावसायिक वाहनांना चकाकत्या पट्ट्यांचा नियम आहे: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीच्या मागं लाल पट्टी आजच चिकटवा. ती तुमच्यापेक्षा दुसऱ्याच्या पोरांना वाचवते.

१७. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? मीटरमध्ये सांगू नका, कळत नाही.

पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की म्हणायला लागा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तिसरा आकडा संपायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. पावसात आणखी दोन आकडे वाढवा. मधे कुणी घुसला तर घुसू दे, पुन्हा मोजा.

१८. सिग्नलला किंवा वळायला उभं असताना मागून ठोकतात. आपण काय करणार?

थोडं करता येतं. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं मागं थांबा. धक्का बसला तरी सँडविच होत नाही. आरशात बघत राहा. हायवेवर रांग अचानक थांबली तर मागची गाडी थांबेपर्यंत पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर एकदम) चालू.

दुभाजकाच्या फटीतून उजवीकडं वळायला थांबलात तर चाकं सरळ ठेवा, आधीच वळवून ठेवू नका. वळलेल्या चाकांनिशी मागून धक्का बसला तर गाडी थेट समोरून येणाऱ्या ट्रकपुढं जाते. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो, आणि प्रत्येक जण पहिल्याच चौकात चाकं वळवून थांबतो.

धडक येताना दिसली आणि पळायला जागा नाही, तर डोकं हेडरेस्टला घट्ट टेकवा, समोर बघा, ब्रेक दाबून धरा. मागं वळून बघू नका. वळलेल्या मानेला इजा जास्त होते.

१९. मागं लोखंडी गार्ड बसवलाय. आता बंपर वाचेल ना?

पार्किंगमध्ये वाचेल. जोराच्या धडकेत मात्र चेपून जोर प्यायचं गाडीच्या मागच्या भागाचं काम अडतं आणि धक्का थेट चासीला, तिथून तुमच्या सीटला. पुढच्या गार्डनं एअरबॅगच्या सेन्सरचाही गोंधळ होतो. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असे गार्ड रोखायला सांगितलंय.

२०. धडक झाली, काहीच दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मान वळेना. हे त्याचंच का?

बहुधा त्याचंच. मानेचा ताण एक-दोन दिवसांनी वर येतो. हाताला मुंग्या, बधिरपणा, चक्कर, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी यातलं काही असेल तर वाट बघू नका. लहान पोर नेहमीपेक्षा चिडचिडं किंवा गुंगीत वाटलं तरी लगेच दाखवा.

आणि कृपा करून मान "मोडून" घ्यायला सलूनमध्ये जाऊ नका. दाढीबरोबर कटाकट मान फिरवून देणारे कारागीर आपल्याकडं हौशीनं हे करतात. धडकेनंतरच्या मानेला ते महागात पडू शकतं.

रस्त्यावर जखमी कुणी असेल तर १०८ किंवा ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: अपघातग्रस्ताला नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख न भरता.

२१. बंपर बदलला, रंग दिला, गाडी नव्यासारखी झाली. आणखी काही बघायचं का?

माझ्या स्वतःच्या गाडीला एकदा मागून टेम्पोनं ठोकलं. गॅरेजवाल्यानं बंपर असा चकाचक बसवून दिला की मी त्याला चहा पाजला. चार महिन्यांनी दुसऱ्याच कामाला बंपर उघडला तर आतला लोखंडी बीम तसाच वाकलेला. म्हणजे चार महिने मी रंगाच्या भरवशावर फिरत होतो.

म्हणून बंपर लावायच्या आधी आतला बीम डोळ्यांनी बघा, फोटो मागा. सीटच्या रुळांत ढिलेपणा आलाय का, पाठ स्वतःच्या जागी अडकते का, हेडरेस्ट खटक्यात बसतं का, पट्टा झटक्यानं ओढल्यावर थांबतो का, एअरबॅगचा दिवा विझतो का हे तपासा. बाळाचं सीट जोराच्या धडकेत गाडीत होतं तर बदला, वरून तडा दिसला नाही तरी.

२२. मागून ठोकणाराचीच चूक, हे पक्कं ना?

बहुतेक वेळा. अंतर राखणं मागच्याची जबाबदारी आहे. पण डोळे मिटून धरू नका. कोइम्बतूरजवळच्या एका प्रकरणात पत्नीला मळमळतंय म्हणून चालकानं महामार्गावर अचानक गाडी थांबवली, मागची मोटारसायकल आदळली, पडलेल्या तरुणाच्या पायावरून बस गेली आणि त्याला पाय गमवावा लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इशारा न देता थांबणाऱ्या त्या मोटारचालकावरही दोष ठेवला. थांबायचंच असेल तर इंडिकेटर देऊन कडेला या, पिशवी आधीच हाताशी ठेवा.

२३. गाडी जुनी. मागच्या सीटला हेडरेस्टच नाहीत, मधल्याला नुसता कमरेचा पट्टा. नवी घेणं परवडत नाही. काय करू?

बाहेरून मिळणारी, सीटला पट्ट्यानं बांधायची हेडरेस्ट घेऊ नका, धक्क्यात ती टिकत नाहीत. कोण कुठं बसतं एवढंच तुमच्या हातात आहे. पाठ जिथवर पुरते तिथं बुटकी माणसं, म्हणजे बूस्टरच्या (पट्टा नीट बसावा म्हणून पोराला उंच करणाऱ्या सीटच्या) वयाची पोरं मागं कडेला, कारण खांद्याचा पट्टा तिथं आहे. सीटची पाठ त्यांच्या कानापर्यंत येत असेल तर हेडरेस्टचं काम तीच करते, नसेल तर उंच पाठीचा बूस्टर घ्या. मधली जागा रिकामी. उंच माणूस किंवा मान आधीच दुखणारी वयस्कर व्यक्ती पुढं, जिथं हेडरेस्ट आहे.

आमची गाडीही जुनीच आहे, त्यामुळं आई पुढं बसते. अंबाडा खाली बांधते, पट्टा लावते, आणि सोलापूर ते पंढरपूर मला गाडी शिकवते.